क्रॉसओव्हरचा पहिला अंक कसा वाचावा: नव्या वाचकांसाठी

"सिनेमे सगळे पाहून झाले, आता कॉमिक्स वाचायची आहेत. सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न विचारणारी मुलं-मुली नाशिकमध्ये आता बरीच भेटतात. त्यांना बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: आधी स्पायडर-मॅनचे जुने अंक वाच, मग एक्स-मेन, मग ॲव्हेंजर्स, आणि सगळे नीट ओळखीचे झाले की क्रॉसओव्हरकडे वळ. हा सल्ला मला अजिबात पटत नाही. एकट्या स्पायडर-मॅनची मुख्य मालिका १९६३ मध्ये सुरू झाली. सगळा अभ्यास संपवूनच वाचायचं ठरवलं तर वाचन सुरूच व्हायचं नाही.

मी उलट सांगतो. थेट क्रॉसओव्हरचा पहिला अंक घ्या, त्यातले निम्मे चेहरे अनोळखी असले तरी. फक्त तो वाचायची एक रीत आहे, आणि ती कुणीतरी आधी सांगितली तर पुढचं सोपं जातं.

एरवी आपापल्या मालिकेत वावरणारे नायक एका मोठ्या कथेत एकत्र आले, की त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. १९७६ मध्ये डीसी आणि मार्व्हल या दोन प्रतिस्पर्धी प्रकाशकांनी मिळून सुपरमॅन आणि स्पायडर-मॅन यांना एका मोठ्या आकाराच्या अंकात समोरासमोर आणलं. १९८२ मध्ये मार्व्हलने तीन अंकांची 'काँटेस्ट ऑफ चॅम्पियन्स' काढली. पण आज आपण ज्याला क्रॉसओव्हर म्हणतो त्याचा साचा पक्का झाला तो १९८४ ते १९८६ या काळात, मार्व्हलच्या 'सीक्रेट वॉर्स'ने आणि डीसीच्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'ने.

नाशिककरांना ही कल्पना समजावून सांगायला फार वेळ लागत नाही, कारण आपण सिंहस्थ पाहिलेला असतो. तेरा आखाडे, प्रत्येकाची परंपरा वेगळी, इष्टदेवता वेगळी, ध्वज वेगळा. एरवी प्रत्येकाचं आपापलं चाललेलं असतं, आणि बारा वर्षांनी वैष्णव आखाडे रामकुंडावर, बाकीचे त्र्यंबकला कुशावर्तावर येतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून मिरवणूक बघणाऱ्याला प्रत्येक आखाड्याची गुरुपरंपरा कुठे पाठ असते? ध्वज दिसतो, वेश दिसतो, कोण कुणाच्या पुढे चाललंय ते दिसतं, आणि तेवढ्यावर पुष्कळ काही कळतं. क्रॉसओव्हरचा पहिला अंक म्हणजे ही मिरवणूक. तिथे कोण आलंय, कोणाच्या शेजारी कोण उभं आहे आणि कोण कुणाकडे पाठ फिरवून उभं आहे, एवढंच बघायचं असतं.

पहिला टप्पा: कोणता पहिला अंक?

माझ्या मते नव्या वाचकाने या चारांपैकी पहिल्या तीनांतून एक निवडावा, चौथा नंतरसाठी. चारही इंग्रजीत आहेत, पण भाषा अवघड नाही.

'सिव्हिल वॉर', २००६, सात अंक. लेखक मार्क मिलर, चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन. सिनेमावरून आलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. काही तरुण सुपरहिरो टीव्हीवरच्या रिॲलिटी शोसाठी गुन्हेगारांना पकडायला जातात. कनेक्टिकट राज्यातल्या स्टॅमफर्ड शहरात, शाळेजवळ, त्या गुन्हेगारांपैकी नायट्रो स्वतःचा स्फोट घडवतो आणि शेकडो माणसं मरतात, त्यांत लहान मुलंही. मग सरकार म्हणतं की प्रत्येक सुपरहिरोने नोंदणी करावी, खरं नाव सांगावं. एवढं समजलं की पुढचं भांडण समजतं, त्यासाठी आधीचा एकही अंक वाचलेला नसला तरी चालतं. २०१६ च्या सिनेमात वादाचा मुद्दा बराच बदललेला आहे, त्यामुळे कथा माहीत आहे असं गृहीत धरू नका.

'इन्फिनिटी गाँटलेट', १९९१, सहा अंक. लेखक जिम स्टारलिन, चित्रं जॉर्ज पेरेझ आणि पुढे रॉन लिम यांची. २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर' सिनेमात खलनायक थॅनोसची चुटकी, जिने विश्वातले निम्मे जीव नाहीसे होतात, शेवटी येते. कॉमिक्समध्ये ती पहिल्याच अंकाच्या शेवटी वाजते. नवा वाचक इथे खरोखर दचकतो, कारण आपल्या मनात जो शेवट पक्का बसलेला असतो तो इथे आरंभ असतो. थॅनोसचं कारणही वेगळं आहे. सिनेमात तो समतोलाची भाषा बोलतो. इथे तो मृत्यूच्या प्रेमात आहे, आणि मृत्यू ही त्याच्या शेजारी उभी असलेली, त्याच्याशी एक शब्दही न बोलणारी स्त्री आहे.

'सीक्रेट वॉर्स', १९८४-८५, बारा अंक. लेखक जिम शूटर, चित्रं मुख्यतः माइक झेक यांची. जुन्या पद्धतीचं, मोकळंढाकळं, मुलांसाठी लिहिलेलं. मॅटेल ही खेळण्यांची कंपनी मार्व्हलच्या पात्रांची खेळणी काढणार होती आणि तिला सोबत एक मोठी कथा हवी होती. 'सीक्रेट' आणि 'वॉर्स' हे दोन शब्द मुलांना आवडतात असं कंपनीच्या पाहणीत दिसलं, म्हणून हे नाव. खेळणी विकायला लिहिलेली कथा म्हणून तिला नाक मुरडणारे आहेत. मला ती मनापासून आवडते, आणि पहिला अंक कसा रचावा हे शिकायला तिच्याइतकं उघड उदाहरण नाही.

'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स', १९८५-८६, बारा अंक. लेखक मार्व्ह वोल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. चारांत सर्वांत मोठी आणि सर्वांत दाट. ही सुरुवातीला घेऊ नका. बाकीच्यांपैकी एखादी झाल्यावर घ्या, मग तिची भव्यता कळते.

इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर हिंदीतला रस्ता आहे. राज कॉमिक्सचा नागराज १९८६ मध्ये आला, अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव १९८७ मध्ये. नागराज महानगरचा, ध्रुव राजनगरचा, आणि दोघे एकत्र आलेले विशेषांक त्या पिढीने अक्षरशः फाटेपर्यंत वाचले. नागराजची सुरुवातीची चित्रं प्रताप मुळीक यांची, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं. खालची सगळी रीत त्या विशेषांकांनाही तशीच लागू पडते.

दुसरा टप्पा: अंक मिळवणं

सुटा, मूळ छापील पहिला अंक शोधत कॉलेज रोड ते शालिमार पालथं घालू नका. ते अंक संग्राहकांचे झालेत आणि त्यांची किंमत वाचनाशी संबंधित राहिलेली नाही. वाचायला हवी ती एकत्रित आवृत्ती, म्हणजे सगळे अंक एका पुस्तकात बांधलेले. ती ऑनलाइन मागवता येते किंवा पुस्तकांच्या दुकानात सांगून आणवता येते. रद्दीच्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतही चक्कर मारा, विशेषतः वार्षिक परीक्षा संपल्यावर, जेव्हा घराघरांतून पुस्तकं बाहेर निघतात. मार्व्हलच्या 'मार्व्हल अनलिमिटेड' या वर्गणीच्या ॲपवर जुने अंक फोनवर किंवा टॅबवर वाचता येतात. टॅब असेल तरच ॲपवर वाचा. फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचताना पूर्ण पान कधी दिसतच नाही, आणि गर्दीच्या पानांची सगळी मजा तिथेच संपते.

मागवताना नावावर विसंबू नका. वर्ष आणि लेखक बघा. 'सीक्रेट वॉर्स' नावाची दुसरी मालिका २०१५ ची आहे, जोनाथन हिकमन आणि एसाद रिबिच यांची, नऊ अंकांची. ती सुंदर आहे, पण तिच्याआधीचं हिकमनचं लेखन वाचल्याशिवाय हाती काही लागत नाही. शिवाय 'सीक्रेट वॉर्स २' ही १९८५ ची वेगळी गोष्ट. 'सिव्हिल वॉर'चंही तसंच: २०१६ ची 'सिव्हिल वॉर २' वेगळी, 'रोड टू सिव्हिल वॉर' हे आधीच्या घटनांचं पुस्तक वेगळं, आणि याच नावाची एक गद्य कादंबरीही आहे, तिच्यात चित्रांची कथा नाही. पुस्तकाच्या माहितीत कोणते अंक एकत्र केलेत ते लिहिलेलं असतं. 'सिव्हिल वॉर' घेताना तिथे एक ते सात असं स्वच्छ दिसलं तरच पैसे भरा.

वेगवेगळी मुखपृष्ठं दिसली तर गोंधळू नका. त्यांना व्हेरिअंट म्हणतात. आतला मजकूर तोच.

तिसरा टप्पा: पहिलं वाचन, एका बैठकीत

अंक तीस-चाळीस मिनिटांत संपतो. तेवढा वेळ फोन बाजूला ठेवा. अनोळखी पात्र दिसलं की लगेच शोधायला जायची सवय ही नव्या वाचकाची सर्वांत मोठी अडचण आहे. शोधायला गेलं की त्या पात्राचं पुढे काय होतं, कोण मरतं, कोण परत येतं, सगळं पहिल्या दोन ओळींत समोर येतं आणि अंकाची जान जाते. नाव कळलं नाही तर मनात म्हणा, "निळ्या कपड्यातला तो," आणि पुढे चला.

चौकटी डावीकडून उजवीकडे, वरून खाली. ढगासारख्या बुडबुड्यात मनातले विचार असतात, कोपऱ्यातल्या चौकोनी पट्टीत निवेदन. जुन्या अंकांत मजकूर जास्त असतो, नव्यांत कमी. एवढं पुरे.

चौथा टप्पा: तीन प्रश्न

पहिलं वाचन संपलं की पुस्तक मिटा आणि तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. वहीतच, कारण लिहिताना आपल्याला काय कळलं नाही ते नेमकं कळतं. यांना एकत्र कोणी आणलं? कशासाठी? आणि अंकाच्या सुरुवातीला जे शाबूत होतं, त्यातलं काय शेवटी मोडलेलं आहे?

'सीक्रेट वॉर्स'च्या पहिल्या अंकावर हे लावून बघू. नायक एका अवकाशयानासारख्या रचनेत अचानक जागे होतात, समोरच्या दुसऱ्या रचनेत खलनायक. बियाँडर नावाची एक अदृश्य, अफाट शक्ती त्यांना आणते. ती सांगते, शत्रूंना ठार करा आणि मग हवं ते मिळेल. झाली दोन उत्तरं. तिसरं उत्तर मात्र सहज दिसत नाही आणि तेच महत्त्वाचं आहे. मॅग्नेटो हा तोवर खलनायक म्हणून ओळखला गेलेला माणूस, आणि बियाँडरने त्याला नायकांच्या बाजूला उभं केलंय. म्हणजे चांगले इकडे आणि वाईट तिकडे ही सरळ विभागणी पहिल्याच अंकात मोडली. कॅप्टन अमेरिका, एक्स-मेन, मॅग्नेटो यांच्यातले पुढचे सगळे ताण या एका मांडणीतून निघतात. एकही टोला न मारता कथेत एवढी कुरबुर पेरणं ही शूटर यांची करामत आहे.

'क्रायसिस'चा पहिला अंक याहून क्रूर आहे. पांढऱ्या भिंतीसारखी एक लाट विश्वांमागून विश्वं पुसत येते. ती पृथ्वी-तीनवर, म्हणजे एका वेगळ्या विश्वातल्या पृथ्वीवर, पोहोचते. या पृथ्वीवर सगळं उलटं: आपल्या ओळखीचे नायक तिथे गुन्हेगार, आणि एरवी सुपरमॅनचा शत्रू असलेला लेक्स लूथर हा तिथला एकमेव नायक. जग संपतंय हे कळल्यावर तो आणि त्याची बायको लोइस लेन आपल्या तान्ह्या मुलाला दुसऱ्या विश्वात पाठवून देतात. सुपरमॅनची जन्मकथा (नष्ट होणाऱ्या ग्रहावरून आईवडिलांनी पाठवलेलं बाळ) ज्याला साधारण ठाऊक आहे त्याला इथे काही वेगळं सांगावं लागत नाही. डीसीचा बाकीचा इतिहास माहीत नसलेला माणूसही ही पानं वाचताना गप्प होतो. त्यानंतर हार्बिंजर नावाची स्त्री वेगवेगळ्या काळांतून आणि पृथ्वींवरून माणसं गोळा करते, तिचा मालक मॉनिटर कोण हे गुलदस्त्यातच राहतं. "कोणी बोलावलं?" याला इथे पूर्ण उत्तर नाही. तसं लिहून ठेवा, पुढे कामाला येतं.

'सिव्हिल वॉर'मध्ये बोलावणारं कोणी नाहीच. एक दुर्घटना सगळ्यांना एकत्र आणते आणि तीच त्यांना फोडते. त्या अंकात कॅप्टन अमेरिका आणि शील्ड या गुप्तहेर संस्थेची मारिया हिल यांच्यातला प्रसंग सावकाश वाचा. आधी आवाज न चढवता बोलणं, मग धमकी, मग पळापळ. दोन्ही बाजूंचं म्हणणं आपल्याला काही क्षण पटतं, आणि म्हणूनच मी हा अंक नव्यांना पहिला देतो.

पाचवा टप्पा: दुसरं वाचन, या वेळी अनोळखी माणसांसाठी

आता सावकाश. प्रत्येक पात्राने एकदा तरी काहीतरी केलेलं किंवा बोललेलं असतं, ते पकडा. प्रत्येक अंक कुणाचा तरी पहिला अंक असतो असं धरून लिहायची त्या काळच्या मार्व्हलमध्ये पद्धत होती. त्यामुळे पात्रं एकमेकांना नावाने हाक मारतात आणि आपली शक्ती वापरता वापरता सांगतात. आजच्या वाचकाला ते थोडं कृत्रिम वाटतं. नव्या वाचकाने मात्र त्याचा पुरेपूर फायदा घ्यावा.

काही गोष्टी तरीही अडतील, कारण १९८४ मध्ये त्या-त्या मालिकांत जे चाललं होतं ते तसंच 'सीक्रेट वॉर्स'मध्ये आलंय. आयर्न मॅनच्या चिलखतात टोनी स्टार्क नाही, जेम्स रोड्स आहे. हल्क तोडफोड न करता शहाण्यासारखा बोलतो, कारण त्या वेळी त्याच्या शरीरात ब्रूस बॅनरचं मन शाबूत होतं. फँटॅस्टिक फोरमधले तिघेच दिसतात. चौथी, स्यू, गरोदर असल्याने मागे राहिली आहे. एरवी चाकांच्या खुर्चीत असणारा प्रोफेसर एक्स चालताना दिसतो. हे चार खुलासे कळले की १९८४ चा पहिला अंक तुम्हाला जवळजवळ पूर्ण मोकळा होतो.

जॉर्ज पेरेझ यांची गर्दीची पानं वेगळा वेळ मागतात. एका चौकटीत पंधरा माणसं असली तरी प्रत्येकाची उभं राहण्याची ढब निराळी काढणारा हा चित्रकार. पानावरची एकेक व्यक्ती बोटाने झाका आणि उरलेल्यांकडे बघा, कोण कुणाकडे पाहतंय ते चटकन लक्षात येतं. लहान भावंडं सोबत असतील तर त्यांना हा खेळ फार आवडतो. माझ्या भाचीला इंग्रजी वाचता येत नव्हतं तेव्हा आम्ही 'इन्फिनिटी गाँटलेट'चे संवाद मराठीत मोठ्याने वाचायचो. थॅनोसला खर्जातला आवाज, सिल्व्हर सर्फरला घाबराघुबरा. सर्फर डॉक्टर स्ट्रेंजच्या घराचं छत फोडून आत कोसळतो ते पान तिने इतक्या वेळा वाचायला लावलं की ते मला पाठ झालं.

सहावा टप्पा: टाय-इनचा मोह

मुख्य कथेशी जोडलेले इतर मालिकांचे अंक म्हणजे टाय-इन. 'सिव्हिल वॉर'चे तर ढीगभर आहेत, आणि त्यांच्या वाचनक्रमाच्या लांबच लांब याद्या फिरत असतात. पहिला अंक हातात असताना त्या याद्या उघडू नका. मुख्य मालिका आधी पूर्ण वाचा. एखाद्या पात्राबद्दल त्यानंतरही मनात रुखरुख राहिली, तर त्या एकाच पात्राचे टाय-इन घ्या.

क्रम थोडा पुढे-मागे झाला तर काही बिघडत नाही, आणि याचा उत्तम पुरावा 'सीक्रेट वॉर्स'मध्येच आहे. नायक तिकडून परतल्यावर स्पायडर-मॅनच्या अंगावर काळा पोशाख होता. त्याच्या मालिकेतला हा परतीचा अंक मे १९८४ चा, 'सीक्रेट वॉर्स'च्या पहिल्या अंकाच्याच महिन्याचा. पोशाख मिळाला कसा हे मात्र आठव्या अंकात, डिसेंबर १९८४ मध्ये कळलं. मधले महिने वाचकांकडे परिणाम होता आणि कारण नव्हतं, आणि त्या उत्सुकतेवर ते दर महिन्याला अंक घेत राहिले. अंकावरचा महिना प्रत्यक्ष विक्रीच्या काही महिने पुढचा छापायची प्रकाशकांची पद्धत होती, हेही तारखा लावताना ध्यानात ठेवा.

सातवा टप्पा: पुस्तक सांभाळणं

आपल्याकडचा पावसाळा गुळगुळीत कागदाला मानवत नाही. ओलसर हवेत पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंग निघतो. जुलै ते सप्टेंबर पुस्तकं बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. उभी ठेवा, आडवा ढीग नको, आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. कसर लागू नये म्हणून दसऱ्याच्या आवराआवरीत प्रत्येक पुस्तक एकदा उघडून वाऱ्यावर धरा, कडक उन्हात नको. रद्दीतून आणलेलं पुस्तक बाकीच्यांत मिसळण्याआधी काही दिवस वेगळं ठेवा.

आणि दुसरा अंक

एकत्रित आवृत्तीत पान उलटलं की दुसरा अंक समोरच असतो, पण मूळ वाचकांना महिनाभर थांबावं लागायचं. निदान एक रात्र तरी थांबा. वहीतली तीन उत्तरं पुन्हा वाचा आणि त्यांखाली एक ओळ लिहा: पुढे काय होईल असं मला वाटतं. शक्य असेल तर मित्र-मैत्रिणीलाही तोच अंक वाचायला द्या आणि तिची ओळ वेगळी लिहून घ्या. 'सिव्हिल वॉर' घेतलं असेल तर एक गोष्ट जरूर लिहा: स्पायडर-मॅन कोणत्या बाजूला जाईल, आणि का. दुसऱ्या अंकाच्या शेवटच्या पानावर पोहोचलात की वही काढून दोघांच्या ओळी ताडून बघा.